सेकंडहँड आयात जपानी स्पोर्ट्स कार : कायदा, कागदपत्रे आणि वेलचेरीचे पाणी

वेलचेरी (चेन्नई) : ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास चेन्नईला अतिवृष्टीचा इशारा मिळाला आणि वेलचेरीच्या उड्डाणपुलावर मोटारींची रांग लागली. आसपासच्या रहिवाशांनी घराखालच्या वाहनतळातून गाड्या काढून पुलाच्या कडेला नेऊन ठेवल्या होत्या. बाहेरच्या लोकांना ते दृश्य गमतीचे वाटले. वेलचेरीकरांना मात्र त्यात नवल वाटले नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी याच वस्तीतील वाहनतळ पाण्याखाली गेले होते. पल्लिकरणैच्या पाणथळीला लागून असलेला हा सखल भाग आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांनी तो भरून गेला. त्यांत पुण्या-मुंबईहून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. पगार चांगला, हौस मोठी आणि नव्या स्पोर्ट्स कारची किंमत आवाक्याबाहेर, अशा ग्राहकासमोर कधी ना कधी एखादी वापरलेली, आयात केलेली जपानी स्पोर्ट्स कार विक्रीला येते. या व्यवहारातील कायदेशीर बाजू, कागदपत्रे आणि तांत्रिक धोके यांची ही माहिती.

‘आयात’ या एका शब्दाखाली अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. पहिला गट कंपनीने स्वतः भारतात आणून विकलेल्या गाड्यांचा. निसानने ३७०झेड ही दोन दारांची गाडी २०१० मध्ये सुमारे साडेत्रेपन्न लाख रुपयांना भारतीय बाजारात आणली. त्याच सुमारास मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन एक्स येथे उपलब्ध झाली. निसान जीटी-आर २ डिसेंबर २०१६ रोजी १ कोटी ९९ लाख रुपयांना दाखल झाली. या गाड्या पूर्ण बांधणीच्या स्वरूपात परदेशातून आल्या असल्या तरी नव्या म्हणून, कंपनीच्या अधिकृत विक्रीव्यवस्थेतून आणि भारतीय मान्यता घेऊन आल्या. दुसरा गट खासगी व्यक्तींनी किंवा व्यापाऱ्यांनी परदेशातून आणवलेल्या गाड्यांचा. या गटात कागद स्वच्छ असलेल्या गाड्या कमी आणि कहाण्या जास्त आढळतात.

चेन्नईच्या बाजारात जपानी गाड्यांची ओढ असण्याला स्थानिक कारणही आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवळ्ळूर येथील कारखान्यात १९९८ पासून मित्सुबिशी लान्सर तयार होत असे. पुढे तिचीच सीडिया ही आवृत्ती चेन्नईच्या एमआरएफ संघाने राष्ट्रीय रॅली स्पर्धांत धावडवली. निसानच्या गाड्या ओरगडम येथे बनू लागल्या. इरुंगाट्टुकोट्टैची शर्यतीची धावपट्टी शहरापासून तास-दीड तासावर आहे. त्यामुळे वेगाची हौस आणि जपानी यंत्रांवर काम करणारे कारागीर या दोन्ही गोष्टी या शहरात मुंबई-पुण्याइतक्याच, किंबहुना थोड्या अधिकच, आढळतात. याच परिचयामुळे साध्या लान्सरला इव्होल्यूशनचे बंपर, बॉनेट आणि पंख लावून ती ‘मूळ जपानी’ म्हणून खपवण्याचे प्रकारही होतात.

तीन वर्षांची मर्यादा

निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३४), टोयोटा सुप्राची चौथी पिढी, माझदा आरएक्स-७ या गाड्यांची नावे चित्रपटांनी आणि व्हिडिओ गेमनी घराघरांत पोहोचवली. जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडे असते आणि वाहतूक डावीकडून चालते. मग अशी गाडी तेथून आणून येथे सरळ चालवता यावी, असे कुणालाही वाटेल. श्रीलंका, केनिया, न्यूझीलंड या देशांत जपानी वापरलेल्या गाड्या मोठ्या प्रमाणावर जातात त्या याच सोयीमुळे. भारताने मात्र हा दरवाजा अगदी थोडा उघडा ठेवला आहे.

एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले तेव्हा वापरलेल्या मोटारींना सशर्त परवानगी मिळाली. परकीय व्यापार धोरणानुसार अशी गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला अनुरूप हवा. आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि त्या काळात देशात सेवासुविधा मिळेल, याची हमी आयातदाराने द्यावी लागते. सर्वात महत्त्वाची अट बंदराची आहे. वापरलेली गाडी सर्वसाधारण मार्गाने केवळ मुंबई बंदरातूनच देशात येऊ शकते. नव्या गाड्यांसाठी चेन्नईसह अनेक बंदरे खुली आहेत, वापरलेल्यांसाठी नाहीत.

या अटी कॅलेंडरशेजारी ठेवून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते. शेवटची आर३४ जीटी-आर २००२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. सुप्राची चौथी पिढी आणि आरएक्स-७ यांचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. म्हणजे या गाड्या सर्वसाधारण मार्गाने वापरलेल्या अवस्थेत भारतात आणण्याची कायदेशीर संधी २००१ ते २००५ या चारेक वर्षांपुरतीच होती. ‘२०१२ मध्ये जपानहून आणलेली १९९९ ची स्कायलाइन’ असे वर्णन कुणी करत असेल, तर त्या गाडीचे इंजिन सुरू करून पाहण्याआधीच प्रश्न विचारावा लागेल.

परीक्षणाचा टप्पा मराठी वाचकांच्या ओळखीच्या ठिकाणी येतो. आयात गाडीची चाचणी घेण्यासाठी नेमलेल्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात जिच्या नावाने पुणेकर एक अख्खी टेकडी ओळखतात ती एआरएआय, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई यांचा समावेश आहे. तिसरी संस्था मध्य प्रदेशात बुदनी येथे आहे. वेलचेरीत उभी असलेली, वापरलेल्या अवस्थेत रीतसर आयात झालेली गाडी या मार्गाने मुंबईत उतरून, अशा चाचणीतून जाऊनच दक्षिणेत पोहोचलेली असते. तिच्या कागदांवर या प्रवासाच्या खुणा असायलाच हव्यात.

शुल्काचे गणित

वापरलेल्या मोटारीवर दीर्घकाळ १२५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर समाजकल्याण अधिभार अशी आकारणी होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात तिची फेररचना झाली. मूळ शुल्काचा दर खाली आला, पण कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकराने ती जागा भरून काढली आणि एकत्रित भार पूर्वीइतकाच, म्हणजे १३७.५ टक्के राहिला. त्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांसाठी हा दर ४० टक्के आहे.

उदाहरणादाखल विमा आणि जहाजभाड्यासह ३० लाख रुपये मूल्याची गाडी घेऊ. सीमाशुल्क व उपकर मिळून ४१ लाख २५ हजार रुपये होतात आणि मूल्य ७१ लाख २५ हजारांवर जाते. त्यावर ४० टक्के कर, म्हणजे साडेअठ्ठावीस लाख. बंदराबाहेर येताना गाडी ९९ लाख ७५ हजारांची झालेली असते. चाचणी, वाहतूक, दलाली आणि राज्याचा आजीवन कर यांचा हिशेब अजून बाकीच आहे. तमिळनाडूत २० लाखांवरील मोटारींसाठी नोव्हेंबर २०२३ पासून हा कर २० टक्के आहे. महाराष्ट्रातही आयात मोटारीवर २० टक्के कर लागतो; त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली.

हे गणित खरेदीदाराने तोंडपाठ ठेवावे, कारण ते संशय घेण्याचे उत्तम साधन आहे. परदेशातील किंमत सव्वातीनपट होऊनच गाडी रीतसर देशात येते. त्यामुळे तीन-चार वर्षे वयाची आयात गाडी जपानमधील किमतीच्या आसपास कुणी देऊ करत असेल, तर फरकाची रक्कम कुठे गेली, याचे उत्तर विक्रेत्याकडे असले पाहिजे.

सवलतींचा मार्ग आणि त्याचा गैरवापर

तीन वर्षांच्या अटीला आणि बंदराच्या बंधनाला काही अपवाद आहेत. किमान दोन वर्षे सलग परदेशात राहून कायमच्या वास्तव्यासाठी परतणारे भारतीय, परदेशातील मृत नातेवाइकाचे कायदेशीर वारस, दिव्यांग व्यक्ती आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गाडी बक्षीस मिळालेले खेळाडू यांच्यासाठी धोरणात वेगळी तरतूद राहिली आहे. परतणाऱ्या भारतीयाच्या बाबतीत गाडी परदेशात किमान वर्षभर त्याच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते. शुल्क यांपैकी बहुतेकांना भरावेच लागते. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये फियाट कंपनीने भेट दिलेल्या फेरारी ३६० मोडेनाची चर्चा मराठी वाचकांना आठवत असेल. सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे शुल्क माफ करण्याच्या सरकारच्या निर्णयावर टीका झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. पुढे त्यांच्याकडे निसान जीटी-आरही होती.

निवासबदलाच्या सवलतीचा गैरवापर हा दक्षिणेतील जुना प्रकार आहे. आखातात राहणाऱ्या एखाद्याच्या नावावर गाडी दाखवायची, उत्पादनाचे वर्ष बदलायचे, चॅसी क्रमांक खोडून नवा कोरायचा आणि कमी मूल्य दाखवून गाडी आणायची, अशी त्याची पद्धत. मार्च २०१३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने परदेशी गाड्यांच्या शुल्कचुकवेगिरीप्रकरणी चेन्नईत छापे घातले, तेव्हा या व्यवहाराची व्याप्ती समोर आली. २३ सप्टेंबर २०२५ रोजी कोचीच्या सीमाशुल्क विभागाने ‘नुमखोर’ या नावाने मोहीम राबवून तीसहून अधिक गाड्या ताब्यात घेतल्या. भूतानमधून आणलेल्या गाड्या बनावट कागदपत्रांच्या आधारे भारतात नोंदवल्या गेल्या, असा विभागाचा आरोप आहे. त्यांत स्पोर्ट्स कारपेक्षा लँड क्रूझरसारख्या मोठ्या गाड्यांचा भरणा होता. ज्यांच्या दारातून गाड्या नेल्या गेल्या, त्यांतील काहींनी त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतल्या होत्या, हा भाग येथे महत्त्वाचा.

अशा वेळी नंतरच्या खरेदीदाराची जबाबदारी किती? परदेशातून चुकीच्या माहितीवर आणलेल्या एका पोर्शे कॅरेराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे महत्त्वाचा निर्णय दिला. ज्याने गाडी आयात केली नाही, केवळ नंतर विकत घेतली, त्याला ‘आयातदार’ मानून त्याच्याकडून थकीत सीमाशुल्क मागता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. यामुळे खरेदीदाराच्या खिशाला काहीसे संरक्षण मिळाले. परंतु सीमाशुल्क कायद्यातील जप्तीची तरतूद मालाला लागू होते. वर्षानुवर्षे तपास चालू असताना गाडी गोदामात पडून राहणे, ही शक्यता त्या निर्णयाने संपत नाही.

कोणते कागद पाहावेत

नोंदणी प्रमाणपत्र हा या व्यवहारातील शेवटचा कागद आहे. अनेक जण तो पहिला आणि एकमेव मानतात. आरटीओने नोंदणी केली म्हणजे सीमाशुल्क भरले गेले, असा निष्कर्ष काढता येत नाही. पाहायचा मूळ कागद म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, अर्थात सीमाशुल्क विभागाकडे दाखल झालेले आयातीचे विवरणपत्र. त्यावरील बंदराचे नाव, आयातदाराचे नाव, चॅसी व इंजिन क्रमांक, उत्पादन वर्ष, घोषित मूल्य आणि भरलेले शुल्क यांची नोंदणी प्रमाणपत्राशी आणि गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः ताडणी करावी. विवरणपत्राची केवळ छायाप्रत दाखवली जात असेल, तर त्याचा क्रमांक आणि तारीख घेऊन ती सीमाशुल्क विभागाच्या नोंदींशी जुळते का, हे पाहावे. ‘मूळ प्रत आधीच्या मालकाकडे राहिली’ हे उत्तर या बाजारात फार वेळा ऐकू येते.

चॅसी क्रमांकाबाबत जपानी गाड्यांचे एक वैशिष्ट्य आहे. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीवर आपल्याला परिचित असलेला सतरा अक्षरांचा क्रमांक बहुधा नसतो. मॉडेलचे सांकेतिक नाव आणि पुढे अनुक्रमांक असे त्याचे लहान रूप असते. आर३४ जीटी-आरच्या बाबतीत ते ‘बीएनआर३४’ या अक्षरांनी सुरू होते. कंपनीने निर्यातीसाठी बनवलेल्या गाडीवर सतरा अक्षरे असतात. विक्रेता ‘थेट जपानमधून आणलेली’ म्हणत असलेल्या गाडीवर सतरा अक्षरी क्रमांक असेल, किंवा उलट स्थिती असेल, तर सांगण्यात आणि वस्तूत फरक आहे. कोरलेल्या अक्षरांभोवती वेल्डिंगचे वण, नव्या रंगाचा थर किंवा अक्षरांची असमान खोली दिसली तर पुढे बोलणी करू नयेत.

रीतसर आलेल्या गाडीसोबत जपानी निर्यात प्रमाणपत्र आणि बहुधा लिलावपत्रक असते. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. ‘शाकेन’ नावाची ही तपासणी खर्चिक असल्याने लोक तुलनेने नव्या गाड्या विकून टाकतात आणि त्या मोठ्या लिलावगृहांत जातात. तेथील निरीक्षक प्रत्येक गाडीला श्रेणी देतो. ४ किंवा ४.५ ही चांगली श्रेणी समजली जाते, तर ‘आर’ हे अक्षर अपघातानंतरची दुरुस्ती सुचवते. पत्रकावरील गाडीच्या आकृतीवर ओरखडे, पोचे आणि पुन्हा रंगवलेले भाग खुणेने दाखवलेले असतात. जपानी कागदांवरील वर्ष अनेकदा त्यांच्या राजवर्षात असते. हेइसेइ १४ म्हणजे २००२, हेइसेइ ३० म्हणजे २०१८ आणि २०१९ च्या मे महिन्यापासून रेइवा १. शिवाय त्या कागदावरील ‘प्रथम नोंदणी’ ही उत्पादनाची तारीख नव्हे. भारतीय नियमातील तीन वर्षे उत्पादनापासून मोजली जातात, नोंदणीपासून नव्हे. या दोन तारखांतील फरकाचा फायदा घेतला जाऊ शकतो.

जुलै २०१७ पूर्वी परदेशातून आणून तमिळनाडूत नोंदवलेल्या गाडीबाबत आणखी एक पावती मागावी. राज्यात त्या वेळी मोटारींवर प्रवेश कर होता आणि परदेशातून आणलेल्या गाडीला तो लागू होतो की नाही, यावर वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद चालले. अभिनेते विजय यांनी २०१२ मध्ये आणलेल्या रोल्स-रॉईस घोस्टचे प्रकरण जुलै २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गाजले ते याच करावरून.

वाहन क्रमांकाची अक्षरेही बोलकी असतात. चेन्नईपासून दीडशे किलोमीटरवरील पुदुच्चेरीत कर कमी असल्याने तेथील खोट्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदवण्याचे प्रकार २०१७ मध्ये केरळात उघड झाले. ‘पीवाय ०१’ क्रमांकाची गाडी चेन्नईत वर्षानुवर्षे उभी दिसली तर मालक खरोखर पुदुच्चेरीचा होता का, हे विचारणे अप्रस्तुत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. मुंबईत किंवा पुण्यात नोंदवलेली गाडी वेलचेरीत आणणाऱ्याला मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, तमिळनाडूत गाडीच्या वयानुसार कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उर्वरित काळासाठीचा परतावा स्वतंत्र अर्ज करून मागावा लागतो. हा परतावा वेळकाढू असतो. त्याची रक्कम खरेदीच्या अंदाजपत्रकात धरू नये.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले. देशी मोटारीला ते ५ हजार होते. वीस वर्षांपुढील आयात मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते ८० हजारांवर नेण्यात आले. २०१० च्या ३७०झेड आणि इव्होल्यूशन एक्स आता या उंबरठ्यावर आल्या आहेत, हे विक्रेता क्वचितच सांगतो.

पाण्याची परीक्षा

वेलचेरीत, किंबहुना चेन्नईत कोठेही, गाडी पाहताना २०१५ आणि २०२३ या दोन डिसेंबरांत ती कोठे होती, हा प्रश्न अनिवार्य आहे. जीटी-आरचे पोट जमिनीपासून जेमतेम ११ सेंटिमीटरवर असते. साधी मोटार ज्या पाण्यातून निघून जाते, ते पाणी अशा गाडीच्या दारातून आत येते. इंजिनात पाणी शिरल्यास दट्ट्यांना ते दाबता येत नाही आणि जोडदांडे वाकतात. इंजिन बंद असताना गाडी बुडाली असेल तर इंजिन वाचू शकते, परंतु गालिच्याखालील तारांचे जोड आणि नियंत्रण संगणक हळूहळू गंजतात. बिघाड सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी प्रकटतो आणि तोही अधूनमधून, त्यामुळे त्याचे मूळ सापडत नाही.

तपासणी दिवसा आणि कोरड्या जागी करावी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेषा असेल तर ती धुण्यातून सुटलेली असते. आसनांखालील रुळांचे बोल्ट, गालिच्याखालचा फेस, डिकीतील सुट्या चाकाची खोबण आणि फ्यूजपेटीतील तांब्यावरचा हिरवा थर पाहावा. जुन्या गाडीत अगदी नवा गालिचा आणि तीव्र सुगंध असेल, तर खूश होण्याऐवजी सावध व्हावे.

गाडीपेक्षाही विम्याचे कागद अधिक खरे बोलतात. दाव्याविना गेलेल्या प्रत्येक वर्षानंतर विमाधारकाची सूट वाढत जाते आणि पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. दावा केला की ती शून्यावर येते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. तरीही त्याच मालकाच्या २०१५ आणि २०१६ च्या, तसेच २०२३ आणि २०२४ च्या पॉलिसी शेजारी ठेवल्या आणि डिसेंबरनंतरच्या नूतनीकरणात सूट अचानक नाहीशी झालेली दिसली, तर त्या पावसाळ्यात काय झाले, याचा खुलासा मागता येतो. मालक या पॉलिसी दाखवायला तयार नसेल, तर तोही एक खुलासाच मानावा.

यंत्र, इंधन आणि सुटे भाग

कागद आणि पाणी या दोन चाळण्यांतून उतरलेली गाडीच लिफ्टवर चढवावी. ३७०झेडच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत क्लच दाबणारा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणात बसवलेला असतो. तो गळू लागल्यास साध्या भागासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जीटी-आरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मागील आसाजवळ असतो. त्याचे तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या नसतील तर किंमत त्या प्रमाणात कमी व्हायला हवी. तिचे २० इंची रन-फ्लॅट टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. या गाडीसाठी निसानने उभारलेले खास देखभाल केंद्र नोएडात होते, म्हणजे चेन्नईकर मालकासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला. जीटी-आरचे उत्पादनच ऑगस्ट २०२५ मध्ये थांबले. मित्सुबिशीच्या मोटारींची भारतातील विक्री त्याआधीच आटोपली आहे. सुटे भाग दुबई, जपान किंवा सिंगापूरहून मागवावे लागतात आणि त्यांवर पुन्हा शुल्क लागते. पुदुपेट्टैच्या जुन्या भागांच्या बाजारात बरेच काही मिळते. तेथे मिळालेला भाग कोणत्या गाडीतून निघाला, हे मात्र कळत नाही.

जपानी टर्बो इंजिने तेथील उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी जुळवलेली असतात. आपल्याकडे साधे पेट्रोल बराच काळ ९१ ऑक्टेनचे होते. ९५ ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल मोठ्या शहरांत मिळते आणि इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक पंपांवर आणले. आधीचा मालक कोणते इंधन भरत होता, हे विचारावेच. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर सर्रास झाले आहे. १५-२० वर्षांपूर्वीच्या गाडीतील इंधननळ्या आणि रबरी सील या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. त्यांची तपासणी व गरजेप्रमाणे बदल हा खरेदीनंतरचा पहिला खर्च समजावा.

या गाड्यांत मोठे टर्बो, मोकळा सायलेन्सर, बदललेले सस्पेन्शन अशा सुधारणा केलेल्या आढळतात. विक्रेता त्यांची किंमत जोडून सांगतो. कायद्याची दृष्टी उलट आहे. कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लावण्याच्या बाजूने निर्णय दिला. बदललेले इंजिन नोंदणी प्रमाणपत्रावर चढवलेले नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीकडून दावा नाकारला जाण्याची शक्यता राहते.

व्यवहार पूर्ण करताना

दलालामार्फत खरेदी होत असेल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का, ते पाहावे. वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांना असे अधिकारपत्र घेण्याची तरतूद डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नोंदणीकृत विक्रेत्याला त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरावा लागतो. एका खासगी व्यक्तीने दुसरीला गाडी विकल्यास हा कर नाही. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. ‘अर्धे रोख द्या, किंमत कमी करतो’ हा प्रस्ताव म्हणूनच केवळ विक्रेत्याच्या सोयीचा असतो. पुढे वाद झाला तर खरेदीदाराकडे अर्ध्या रकमेचाच पुरावा उरतो.

हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० भरून, कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरवून, खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रीकरारात ‘गाडीवरील सीमाशुल्क पूर्ण भरलेले असून त्यासंबंधी कोणतीही चौकशी प्रलंबित नाही’ असे विक्रेत्याचे स्पष्ट निवेदन आणि तसे न निघाल्यास रक्कम परत करण्याचे कलम घालून घेण्याचा आग्रह धरावा. साध्या मोटारीच्या व्यवहारात ही कलमे लागत नाहीत, म्हणून दलाल त्यांना अनावश्यक ठरवतो.

जुन्या जपानी गाडीचीच ज्यांना ओढ आहे, त्यांच्यासाठी २०२५ च्या प्रारंभी एक वेगळी वाट खुली झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीवरील परवान्याचे बंधन परकीय व्यापार महासंचालनालयाने शिथिल केले. पूर्वी ही मुभा १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती. जपानी स्पोर्ट्स कारचा पहिला बहर १९६७ ते १९७३ या काळातला. टोयोटा २०००जीटी, माझदा कॉस्मो, डॅटसन २४०झेड आणि चौकोनी बांध्यामुळे जपानी लोक लाडाने ‘हाकोसुका’ म्हणतात ती पहिली स्कायलाइन जीटी-आर, या सर्व गाड्या आता पन्नाशीपलीकडे गेल्या आहेत. शुल्क मात्र माफ झालेले नाही. अशा गाडीची नोंदणी जुलै २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या वेगळ्या क्रमांकाने, २० हजार रुपये शुल्क भरून, दहा वर्षांसाठी होते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते. रोज वेलचेरीहून कार्यालयात जाण्यासाठी ती वापरता येणार नाही.